चावी रद्द करणेबाबत

"आधी वाच. मोठ्यानं वाच," शिदोरेसाहेब म्हणाले आणि घडी घातलेला एक कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

सकाळचे साडेदहा झाले असतील. मी एका जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. साहेब एरवी संध्याकाळी पाचला यायचे, त्यामुळे त्यांना सकाळी दारात बघून मी जरा चपापलोच होतो. हात पुसले, कागद उघडला. डावीकडं समास सोडलेला, अक्षर छापल्यासारखं.

"प्रति, श्री. उत्तम जंगम, ऑटो इलेक्ट्रिशियन, मायणी रोड, विटा. विषय : माझी चावी रद्द करणेबाबत. महोदय..."

मला हसू आलं. "साहेब, मला महोदय आजवर कुणी म्हटलं नाही. बायकोनं तर नाहीच नाही."

"पुढं वाच."

"मी खाली सही करणार अर्जदार, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त शिरस्तेदार, भूमी अभिलेख, विनंती करतो की, माझ्या मोटारीच्या स्मृतीतून माझ्या वापरातील चावी कायमची काढून टाकावी. कारण : अर्जदाराची स्वतःची स्मृती भरवशाची राहिलेली नाही."

तिथं माझं वाचन थांबलं. साहेब जीपच्या टायरकडं बघत उभे होते.

त्या वर्षी मी स्कॅनर घेतला होता. नुसता बिघाड दाखवणारा नव्हे. गाडीच्या कॉम्प्युटरला नवं शिकवणारा, जुनं पुसणारा. कोडिंग, प्रोग्रॅमिंग, सगळं. हल्लीच्या चावीत एक चिप असते. गाडीनं ती ओळखली तरच इंजिन लागतं, नाहीतर बसा फिरवत. नवी चावी गाडीच्या ओळखीची करून देणं, जुनी तिच्या डोक्यातून काढून टाकणं, ही माझी कामं. विट्यात तेव्हा तसा स्कॅनर दुसऱ्या कुणाकडं नव्हता. त्यात मान होता, तशी जोखीमही होती. ज्याच्याकडं असा स्कॅनर, त्याच्या हातात गावातल्या प्रत्येक गाडीची चावी. म्हणून या धंद्यात हुशारी नंतर, नाव आधी.

शिदोरेसाहेबांच्या गाडीला तसं कधीच काही झालेलं नसायचं. "अरे वायरमन, कसलातरी आवाज येतोय बघ," असं म्हणत ते रोज पाचला यायचे. मी स्कॅनर जोडायचो. दोष शून्य. मग चहा. मग माझ्या पाटीचा विषय. पाटीवर पेंटरनं 'ईलेक्ट्रीकल वर्क्स' असं रंगवून ठेवलं होतं.

"वायरमन, दोन ठिकाणी चुकलंय. पहिली इ ऱ्हस्व, ट्रि पण ऱ्हस्व. माझ्या ऑफिसात असला कागद आला असता तर मी परत पाठवला असता."

"पेंटरला सांगतो, साहेब," मी म्हणायचो. पेंटर समोरच्या घरात राहायचा. तीन वर्षं मी त्याला सांगितलं नव्हतं. पाटी सुधारली असती तर पाचला बोलायला विषय उरला नसता.

साहेबांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी चारुलता पुण्याला. माझी बायको दीड वर्षापूर्वी माहेरी गेली होती आणि आलीच नव्हती. मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचो. घरी लवकर जायला नको असलेले दोन पुरुष, एवढंच आमचं नातं होतं. ते आम्ही कधी बोलून दाखवलं नाही.

"झालं काय, ते तरी सांगा," मी म्हणालो.

साहेब बाकावर बसले. "मंगळवारी बँकेत जायला निघालो. भानावर आलो तेव्हा म्हसवडच्या पेट्रोल पंपावर होतो. पंपावरचा माणूस विचारत होता, किती टाकू. मला सांगता येईना. किती टाकायचं ते सोड, मी कुठून आलो तेच सांगता येईना. मग पाटीवर विटा वाचलं आणि त्या रस्त्यानं आलो. घरी येऊन आधी काय केलं असेल तर बंपर तपासला. कुणाला उडवलं तर नाही ना, ते बघायला."

"आणि?"

"बंपर स्वच्छ होता. पण पुढच्या वेळी असेलच असं नाही."

"चारूताईंना सांगा की."

"सांगितलं तर उद्या येऊन मला उचलून नेईल. अकराव्या मजल्यावर. इथं निदान घराचे चारही कोपरे मला माहीत आहेत."

"मग चावी माझ्याकडं द्या. कुलपात ठेवतो."

"नको. खिशात चावी सापडली नाही की मी घर उलथंपालथं करणार, नाहीतर बाहेरून नवी करून आणणार. मी स्वतःला ओळखतो, अजून तरी. चावी माझ्या खिशातच राहू दे. गाडीनं तिला ओळखू नये, म्हणजे झालं. पंचवीस वर्षं लोकांच्या जमिनीच्या हद्दी ठरवल्या मी. माझी हद्द मला ठरवू दे."

मी म्हणालो, एक तरी चावी गाडीत नोंदलेली हवी, नाहीतर गाडी जागेवरून हलायची नाही. साहेबांनी पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. शोरूममधून आलेलं, न फोडलेलं. आत त्याच गाडीची दुसरी चावी होती.

"ही शकूची. तिला शिकवीन म्हणालो होतो," ते म्हणाले. "कलम दोन वाच."

कलम दोन असं होतं : दुसरी चावी (कै. सौ. शकुंतला यांची) श्री. जंगम यांनी स्वतःकडे ठेवावी. आणि कलम तीन : योग्य वेळ आल्यास अर्जदाराच्या मुलीस सर्व कळवावे व ती चावी तिच्या स्वाधीन करावी. योग्य वेळ कोणती, हे श्री. जंगम यांनी ठरवावे.

"हे माझ्यावर कशाला टाकताय, साहेब?"

"रोज पाचला मला कोण बघतं? मला कळायचं नाही. तुला कळेल."

"आणि उद्या तुम्हीच येऊन विचारलंत, गाडी का लागत नाही म्हणून?"

साहेब विचारात पडले. मग खिशातलं पेन काढून, कागद मांडीवर घेऊन त्यांनी कलम चार लिहिलं : सदर अर्जाची माहिती अर्जदारास देण्यात येऊ नये.

"अर्जदारानं कितीही आरडाओरडा केला तरी, हेपण घाला की."

"ते अध्याहृत आहे," ते म्हणाले. सही केली, तारीख टाकली, कंसात नाव लिहिलं. "आता पोच दे."

मी बिलबुकाच्या पानावर अर्ज मिळाल्याची पोच लिहून दिली. त्यांनी ती नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली. मग आम्ही एकमेकांकडं बघितलं. पोच त्या खिशात राहिली असती तर कलम चार तिथंच मेलं असतं. साहेबांनी ती काढून चार तुकडे केले. "सवय, रे," म्हणाले. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग काम. बॅटरीला चार्जर लावला, कारण प्रोग्रॅमिंग चालू असताना करंट पडला की गाडीचा मेंदूच बसतो. स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली, दारं लावून घेतली. साहेब ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला.

"काय म्हणतोय तो?" चष्मा असूनही त्यांनी मला विचारलं.

"म्हणतोय, नोंदलेल्या सगळ्या चाव्या पुसल्या जातील. पुढं जायचं?"

"मी दाबतो."

त्यांनी बोट टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं. म्हातारी बोटं कोरडी असतात, काच त्यांना जुमानत नाही. तेव्हा साहेबांनी बोट जिभेला लावलं, फायलीचं पान उलटताना लावतात तसं, आणि दाबलं. जुन्या चाव्या पुसल्या. पुढचा प्रश्न आला, किती चाव्या नोंदायच्या. मी म्हणालो, एक, आणि पाकीट फोडून शकुंतलाबाईंची चावी लावली.

त्या चावीनं इंजिन पहिल्यांदाच सुरू झालं. साहेब दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून जरा वेळ बसून राहिले. मग तिची चावी काढून त्यांनी आपली लावून फिरवली. स्टार्टर नुसताच घरघरला आणि समोर चावीचं लाल चिन्ह लुकलुकायला लागलं.

"काम चोख आहे," साहेब म्हणाले.

गाडी मी त्यांच्या अंगणात लावून आलो. शकुंतलाबाईंची चावी आणि अर्ज स्कॅनरच्या पेटीत, फोमच्या खाली ठेवला.

नऊ दिवस बरे गेले. पाचला साहेब चालत यायचे, खिशातली चावी वाजवून माझ्याकडं मिश्कील बघायचे. दहाव्या दिवशी ते तीनलाच आले. घामानं शर्ट भिजला होता. दुकानात दूध डेअरीचे जाधव होते, त्यांच्या चार गाड्या माझ्याकडं असायच्या. आणखी दोघंतिघं उभे होते.

"गाडीला काय केलंस तू?" साहेब दारातूनच ओरडले.

मला वाटलं, नाटक करताहेत. मी हसलो. तेच चुकलं.

"हसतोस काय? चावी लागत नाही. तू काहीतरी केलंयस त्या यंत्रानं."

त्यांचे डोळे बघितले आणि माझ्या लक्षात आलं. अर्जदार तो अर्ज विसरला होता.

"पार्ट मागवलाय, साहेब," मी म्हणालो.

"कसला पार्ट? दुसरी चावीपण घरात नाही. शकूची चावी कुठाय? तूच नेलीस. चोर आहेस तू. सांगून ठेवतो सगळ्यांना, हा चोर आहे."

जाधव माझ्याकडं बघत होते. मी स्कॅनरच्या पेटीपाशी गेलो. झाकण उघडून फोम उचलला, कागदाची कड दिसली. दोन ओळी वाचून दाखवल्या असत्या तर माझं नाव तिथंच धुऊन निघालं असतं. साहेब मात्र चार लोकांत उघडे पडले असते. मी फोम खाली दाबला आणि झाकण लावलं.

"माझ्याकडून चुकलंय, साहेब. करून देतो."

पराचा कावळा व्हायला आमच्या गावात वेळ लागत नाही. इथं तर कावळा साहेबांनीच आणून बसवला होता. आठवड्याच्या आत जाधवांच्या चारही गाड्या दुसरीकडं जायला लागल्या. चावी करून घ्यायला कुणी येईना. मग पुण्याहून फोन आला.

"मी चारुलता, शिदोऱ्यांची मुलगी. बाबा म्हणतात, तुम्ही गाडीची चावी काढून घेतलीत."

"ताई, काम चुकलं माझ्याकडून. पार्ट आला की करून देतो."

"म्हातारा माणूस एकटा राहतो म्हणून काहीही कराल? पोलिसात जाईन मी."

योग्य वेळ खरं तर तीच होती. फोन कानाला होता, कलम तीन मला पाठ होतं. साहेबांना आता कालचं आठवत नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी म्हणालो, "आठवड्यात होईल, ताई," आणि फोन ठेवला.

का, ते सांगतो. साहेब रोज यायचेच. पाचला यायचे, दारात उभं राहून मला दहा मिनिटं शिव्या घालायचे, चोर, लबाड, बेइमान. मग दमायचे आणि बाकावर बसायचे. मी चहा पुढं करायचो. चहा घेता घेता राग कुठल्या कुठं जायचा आणि पाटीकडं लक्ष जायचं. "वायरमन, दोन ठिकाणी चुकलंय." शिव्या, चहा, पाटी. हा क्रम कधी बदलला नाही.

लोक म्हणायचे, "उत्तम, कशापायी सोसतोस रं?" मी म्हणायचो, म्हातारं माणूस आहे, जाऊ दे. लोकांना ते मोठेपण वाटायचं. खरं कारण सांगायची मला लाज वाटायची. दिवसभरात माझ्याशी कुणी मनापासून बोलत असेल तर ते साहेबच होते. शिव्या तर शिव्या. मुलीला कळवलं की त्या पण बंद होणार होत्या.

हळूहळू शर्टाची बटणं वरखाली व्हायला लागली. एका पायात चप्पल, एका पायात सँडल घालून आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, चहा सांगितला नाहीस आज. रोज रात्री मी ठरवायचो, उद्या फोन करतो. अडीच महिने मी हे ठरवत होतो.

जानेवारीतला तो दिवस. पाच वाजले, साडेपाच झाले. चहावर साय धरली. मी शटर ओढलं, स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी गेलो. दार सताड उघडं, गाडी अंगणात, साहेब नाहीत. बाजारात बघितलं, त्यांच्या जुन्या कचेरीपाशी बघितलं. शेवटी मायणी रोडनं गावाबाहेर पडलो.

चार किलोमीटरवर एसटीच्या थांब्यात ते बसले होते. कुठंतरी पडले असावेत, गुडघ्यावर पँट फाटली होती आणि रक्त वाळलं होतं. हातात चावी होती. लांबून पांढरी गाडी दिसली की ते चावी तिच्याकडं धरायचे आणि बटण दाबायचे. गाडी निघून गेली की हात खाली. पुढची आली की परत वर. किती वेळ हे चाललं होतं, कुणास ठाऊक.

मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी मला ओळखलं.

"वायरमन," ते म्हणाले, "एकपण उघडत नाही रे."

त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही. मी त्यांचा हात धरून बराच वेळ बसलो. माझ्या दहा मिनिटांच्या सोबतीपायी हा माणूस अडीच महिने एकटा राहिला होता, आणि तो मरता मरता वाचला होता, हे मला तिथं बसल्यावर कळलं. तिथूनच मी पुण्याला फोन लावला.

"ताई, उत्तम जंगम बोलतोय विट्याहून. माझं काम चुकलं नव्हतं. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारूताई दुकानात आल्या. मी पेटी उघडून चावी दिली आणि अर्ज दिला. त्यांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मग बाकावर बसल्या, साहेब बसायचे तिथंच.

"अक्षर बाबांचंच आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले. तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"कलम चार आहे ना, ताई. पण कलम तीनला उशीर झाला, तो माझ्यामुळं. साहेब इथून जायला मला नको होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, हा कागद मी ठेवू का. मी पलीकडच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि मूळ प्रत त्यांना दिली.

घर आवरायला त्यांना पंधरा दिवस लागले. त्या दिवसांत साहेबांना ताप येत होता. मी एकदा दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवताच परत आलो. निघायच्या दिवशी पाचच्या सुमारास पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. चारूताई चालवत होत्या, आईच्या चावीनं. शेजारी साहेब. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बटणं सगळी जागच्या जागी.

मी खिडकीपाशी गेलो. एक गोष्ट कबूल करतो, मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो.

साहेबांनी माझ्याकडं बघून हात जोडले. "नमस्कार. आपण?"

तीन वर्षांत त्यांनी मला अरेतुरेच केलं होतं. चोर म्हणाले तेही 'चोर आहेस तू' असंच. त्या 'आपण'नं मी पार गार झालो.

"मी उत्तम, साहेब."

"बरं, बरं. आपण ह्याच गावचे का?"

"हो."

"मग एक सांगून ठेवतो." त्यांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "इथं एक वायरमन आहे. त्याच्याकडं गाडी देऊ नका. चाव्या काढून घेतो."

चारूताईंनी मान दुसरीकडं वळवली.

"नाही देणार, साहेब," मी म्हणालो.

"आणि त्याची ती पाटी बघा." त्यांनी खिडकीतून बोट बाहेर काढलं. "दोन ठिकाणी चुकलंय. कितीदा सांगितलं त्याला."

गाडी निघून गेली. मी आत आलो आणि दोन कप चहा सांगितला, सवयीनं. एक पिऊन टाकला.

त्याला आता अकरा वर्षं झाली. दुकान मोठं झालंय, हा तिसरा स्कॅनर आहे, जाधवांच्या गाड्या कधीच्या परत आल्या. हायस्कूलचे एक सर परवा चावी करून घ्यायला आले होते. जाता जाता वर बघून म्हणाले, "जंगम, धंदा एवढा छान चाललाय, ते 'इलेक्ट्रिकल' तेवढं नीट करून घ्या की."

"पेंटरला सांगतो," मी म्हणालो.